तुझा टाका पक्का होता

वहिनी, काल तुझी तेरवी झाली. आज सकाळी मी दुकान उघडलं आणि अकराच्या आत पटेलजींचा मदरबोर्ड सुरू करून दाखवला. हे सगळ्यात आधी सांगून टाकतो, कारण तू असती तर पहिलं हेच विचारलं असतं. जेवायला किती पानं झाली, कोण आलं, कोण नाही आलं, हे तू मागून विचारलं असतं.

दुसरी गोष्ट सांगायला मला जरा जास्त हिंमत लागून राहिली. तुझा टाका पक्का होता. गेला महिनाभर मी सांगत सुटलो होतो की वहिनीच्या सोल्डरचा टाका कच्चा राहिला, आजारपणात तिचा हात कापत होता, म्हणून बोर्ड गेला. दादाला सांगितलं. पटेलजींना सांगितलं. आणि तुला तर दवाखान्यात, पलंगाजवळ उभं राहून, तोंडावर सांगितलं. सगळी नोकरी खमरियाच्या फॅक्टरीत सोल्डरिंगच्या टेबलावर काढलेल्या बाईला मी हे म्हटलं. आता ते तिन्ही ठिकाणी परत घ्यायचं आहे, नाहीतर तुझं नाव माझ्या तोंडामुळे खराब राहील. सकाळीच दादाला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मले काय सांगतं? तिले सांग. अन् पटेलजीले तोंडावर जाऊन सांग, फोनवर नको." म्हणून दुपारी पनागरला पटेलजींकडे जाऊन आलो, आणि संध्याकाळी तुझ्या स्टुलावर बसून हे लिहून राहिलो.

रडकं लिहिणार नाही. तुला ते आवडायचं नाही आणि मला जमत नाही. जे झालं ते सरळ सांगतो.

तू लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा मी आठवीत होतो. पहिल्याच आठवड्यात मी रेडिओ उघडून बसलो होतो आणि आई ओरडून राहिली होती. तू डोक्यावरचा पदर खोचून खाली वाकली, एक तार बोटानं हलवली आणि म्हणाली, "इथं सुटली आहे. सोल्डर आहे का घरात?" आमच्या घरात सोल्डर कुठून असणार. दुसऱ्या दिवशी तू फॅक्टरीतून येताना रांझीच्या बाजारातून शंभर ग्रॅमची गुंडाळी घेऊन आली. नवी सून, हातात हिरवा चुडा, आणि ओट्यावर कढई ठेवावी तशी सोल्डरची इस्त्री ठेवून बसलेली. आईनं दोन दिवस अबोला धरला होता. मला त्या दिवसापासून वाटायला लागलं की ही बाई आपल्या बाजूची आहे.

चारचौघांत तू मला "भाऊजी, तुम्ही" म्हणायची. दुकानात कामाच्या बाकावर दोघंच असलो की "अरे मुकुंदा, बैला". मी मात्र तुला पहिल्यापासून तूच म्हणत आलो, कारण तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो आणि नंतर बदलायला लाज वाटली.

तीन वर्षांपूर्वी तू रिटायर झाली. हार, नारळ, शाल, सगळं झालं आणि सोमवारी सकाळी तू डबा घेऊन माझ्या दुकानात हजर. मी म्हटलं, काहून आली? तू म्हणाली, "घरी बसून तुझ्या दादाचं तोंड पाहू का दिवसभर?" मला वाटलं, आठ दिवसांत कंटाळेल. आठ दिवसांत तू माझ्या दुकानाची मालकीण झाली. गिऱ्हाईक आत आलं की माझ्याकडे न पाहता सरळ तुझ्याकडे जायचं. "भाभीजी हैं क्या?" मी समोर बसलेलो असताना. माझ्या पंचवीस वर्षांच्या धंद्याची अशी इज्जत.

आणि आपलं भांडण. ते तर संपलंच नाही, आणि आता एकट्यानं मी ते कसं पुरं करू? मशीन सुरू होत नाही म्हटल्यावर मी मीटर उचलायचो आणि तू खुर्ची ओढून गिऱ्हाइकासमोर बसायची. तुझा पहिला प्रश्न ठरलेला, "इसको आख़िरी हाथ किसका लगा?" शेवटचा हात कोणाचा. मशीन आपोआप बिघडत नाही, त्याला कोणीतरी काहीतरी केलेलं असतं, असं तुझं म्हणणं. फॅक्टरीत एखादं काम परत आलं की त्याच्याबरोबरच्या कार्डावर शेवटची सही कोणाची ते आधी पाहायचे, तिथून तुला ही सवय लागली. मी म्हणायचो, वहिनी, हे रिपेअरिंगचं दुकान आहे, थाना नाही. माणूस खोटं बोलतो, मीटर बोलत नाही. तू म्हणायची, "मीटरला विचारायचं कुठं ते तर माणूसच सांगतो न."

तो रेल्वेतला बाबू आठवतो का तुला? "अपने आप बंद हो गया, भाभीजी, अपने आप." मी दीड तास मीटर लावून बसलो. तू त्याला चहा पाजला, मुलांची चौकशी केली, दिवाळीची सफाई झाली का विचारलं, आणि बाबू सांगून मोकळा की सफाईत मिसेसनं ओल्या फडक्यानं आतून पुसून काढलं होतं. तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पण तुझा तो चेहरा, कपाळावर आठी आणि ओठांवर हसू दाबलेलं, तो मला चार दिवस पुरला होता. मी तेव्हाही मानलं नाही. म्हटलं, माझ्या मीटरनं पण तिथंच आणून सोडलं असतं, थोडं उशिरा.

आता पटेलजींच्या बोर्डाकडे येतो.

पटेलजींचा पनागरला धर्मकाटा आहे. ट्रॉली, ट्रक सगळे त्या काट्यावर चढतात आणि वजन आतल्या कॉम्प्युटरवर येतं. मशीन जुनं, कारण काट्याचं कार्ड जुन्या जातीचं आहे, नव्या बोर्डात ते बसतच नाही. म्हणजे हा बोर्ड गेला तर नुसता बोर्ड गेला असं नाही. मटार यायच्या आत तो सुरू पाहिजे होता. एकदा मटार सुरू झाला की ट्रॉल्यांची रांग सडकेपर्यंत जाते, आणि तोवर पटेलजी वजन हातानं वहीत लिहून राहिले होते.

गणपती उठल्यावर ते मशीन आलं तेव्हा बोर्डावरचे तीन कॅपॅसिटर फुगले होते. ते तू बदलले. तुला तेव्हाच दम लागत होता, जिना चढून आली की पाच मिनिटं बोलता येत नव्हतं. मी म्हटलं, मी करतो. तू म्हणाली, "तुझे टाके शेणाच्या गोवऱ्यांसारखे असतात." तीन कॅपॅसिटर, सहा टाके. मशीन दोन दिवस बाकावर न थांबता चाललं. मी स्वतः पाहिलं. मग तू दवाखान्यात भरती झाली आणि मशीन पटेलजींच्या माणसाची वाट पाहत दुकानात राहिलं.

मधे दसरा आला.

दसऱ्याच्या पूजेवरून आपली दर वर्षी एक वेगळी लढाई. फॅक्टरीत मशीनची पूजा व्हायची, तर दुकानातही झालीच पाहिजे, हा तुझा हट्ट. मी म्हणायचो, लेथ मशीनला हळदकुंकू लावलं तर चालतं, लोखंड आहे ते. इथं एवढ्या एवढ्या पिना आहेत, त्यात कुंकू उडवतं का कोणी? तू ऐकायची नाही. मग मी निषेध म्हणून चौकात चहा प्यायला निघून जायचो आणि पूजा झाल्यावर प्रसादाला परत यायचो. दोन दसरे असे गेले. दोन्ही वर्षी मी तुझी पूजा पाहिलीच नाही. हे लक्षात ठेव, पुढं लागेल.

यंदा सकाळी आठला तुझा दवाखान्यातून फोन. आवाज ओढलेला. "मुकुंदा, पूजा कर आज. माझी शपथ आहे." शपथ घातली म्हटल्यावर काय करणार. मी आंघोळ करून दुकानात गेलो, पाच मशीनं उघडून ओळीनं लावली. आई देवाला गंध कालवायची तसं वाटीत कुंकू पाण्यात कालवलं, आणि बोट बुडवून प्रत्येकाला एकेक टिका. फूल, अक्षता, नमस्कार, संपलं. दोन मिनिटांचं काम. तुला फोन करून सांगितलं, झाली. तू म्हणाली, "चलो, आता सोनं घेऊन ये संध्याकाळी." संध्याकाळी आपट्याची पानं घेऊन आलो तेव्हा तू झोपलेली होती. उशीखाली ठेवून गेलो.

दुसऱ्या दिवशी पटेलजींचा माणूस आला. बटण दाबलं. लाइट लागला, पंखा फिरला, आणि पडदा काळा. आवाज नाही, काही नाही. पाहुणा दारात उभा आहे पण बोलतच नाही, तसं.

मी काय केलं नाही ते विचार. रॅम काढून खोडरबरानं घासली. दुसरी रॅम लावली. काट्याचं कार्ड काढलं. पॉवर सप्लाय बदलला, बोर्डावरचा सेल बदलला. बोर्ड डब्यातून बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवला आणि नुसता बोर्ड चालवून पाहिला. सकाळी मेलेला. आणि बारा वाजता, शटरमधून ऊन बाकावर आलं की सुरू. परत दुसऱ्या सकाळी मेलेला. मग मी तुझा केस वाळवायचा ड्रायर आणून बोर्डाला गरम हवा दिली. सुरू झाला. बस, माझी खात्री पटली. गरम झाल्यावर जोडतो आणि गार झाल्यावर सोडतो, म्हणजे टाका कच्चा. वरून चिकटलेला दिसतो पण आतून धरलेला नसतो. बोर्डावर नवे टाके कोणाचे? तुझे. संपला विषय.

मी डबा घेऊन दवाखान्यात आलो तेव्हा तू उशीला टेकून बसली होती. पहिलं विचारलं, "पटेलजीचं मशीन गेलं का?" मी म्हटलं, कुठं जातं. तुझा टाका कच्चा राहिला, वहिनी. हात कापत होता तुझा, मी तेव्हाच म्हणत होतो. तू सगळं विचारून घेतलं. सकाळी बंद, दुपारी चालू, गरम केलं की चालू. मग म्हणाली, "पूजा ओली केली की कोरडी?"

मला इतका राग आला. मी मशीनचं बोलून राहिलो आणि ही हळदकुंकवाचं विचारते. मी म्हटलं, "वहिनी, पूजेचं सोड. घरी आली की तूच मार तो टाका पुन्हा, मी हात लावणार नाही." तू माझ्याकडे पाहिलं. भांडली नाही. एवढंच म्हणाली, "बरं." तू आणि बरं? त्याच वेळी मला काहीतरी समजायला पाहिजे होतं. मला वाटलं, आजारी आहे, म्हणून हरली.

खरं सांगू? मी तुझ्या टाक्याला हात नाही लावला त्याचं कारण दुसरंच होतं. जोवर ते काम तुझ्यासाठी पडलं आहे तोवर तू घरी येणार, असं मी मनात धरून बसलो होतो. डॉक्टर काय सांगून राहिले ते दादा ऐकायचा. मी नाही ऐकायचो.

दिवाळी झाली आणि तू गेली. तेराही दिवस मी पळापळ केली. टेंट, भांडी, ग्वारीघाटावर जाणं, भटजी. दादा ओसरीत बसून होता. त्यानं एकदाच विचारलं, "खरंच तिचा हात कापत होता का रे?" आणि मी, तुझ्या तेरवीच्या घरात, त्याला हो म्हटलं. त्यानं मान हलवली आणि उठून आत गेला. वहिनी, या हो म्हणण्याची मला लाज वाटते. बाकी कशाची नाही वाटत तेवढी.

आज सकाळी दुकान उघडलं. आता टाका मलाच मारायचा होता, दुसरं कोण आहे. इस्त्री गरम करायला लावली, बोर्ड उलटा केला, भिंग डोळ्याला लावलं आणि तुझे सहा टाके पाहिले. पहिल्यांदा नीट पाहिले. सहाही गोल, चकचकीत, कडेपर्यंत बसलेले, कुठं चीर नाही, कुठं भोक नाही. मी सुईनं हलवून पाहिले. माझा सगळ्यात चांगला टाका तुझ्या या आजारपणातल्या टाक्यांच्या जवळ उभा राहू शकत नाही. इस्त्री बंद केली. बोर्ड तसाच समोर ठेवून बसलो.

मग ज्या प्रश्नावरून मी तीन वर्षं तुझी थट्टा केली तो स्वतःला विचारला. मोठ्यानं विचारला, दुकानात कोणी नव्हतं. शेवटचा हात कोणाचा? टाके मारल्यावर तर मशीन दोन दिवस चाललं होतं. मग तू भरती झाली. मशीनला कोणी हात लावला नाही. आणि मग दसरा.

माझा.

समोरच्या बटणांच्या तारा बोर्डात जिथं खोचतात त्या पिनांची बैठक या बोर्डावर लाल रंगाची आहे. लालावर लाल. महिनाभर मी तिथं पाहून राहिलो आणि मला दिसलं नाही. भिंग लावलं तर पिनांच्या बुडाशी कुंकू वाळून बसलेलं. त्यातल्या दोन पिना रीसेटच्या. त्या दोन एकमेकींना चिकटल्या की बोर्डाला वाटतं कोणीतरी रीसेटचं बटण दाबून धरलं आहे, आणि तो जागा होऊन गप्प बसून राहतो. सकाळी दवात कुंकू ओलं व्हायचं, पिना जोडायचं. दुपारी उन्हात वाळायचं, सोडायचं. मी ड्रायरनं टाका गरम करून नव्हतो राहिलो, कुंकू वाळवून राहिलो होतो. मीटर लावला, आणि त्या दोन पिनांमध्ये, जिथं काहीच दिसायला नको, तिथं आकडा दिसला. बाकीच्या चार मशीनचे टिके पंख्यावर नाहीतर पत्र्यावर पडले होते, म्हणून ती वाचली.

मग मला तुझी पूजा पाहायची होती. मागच्या दोन वर्षांत तू पुजलेली तीन मशीनं अजून दुकानात आहेत. तिन्ही उघडली. तिन्हीत टिका एकाच जागी, बाजूच्या झाकणाच्या पत्र्याला, आतल्या अंगानं. झाकण काढून बाजूला घ्यायचं, त्यावर मेणाचा ठिपका, आणि मेणावर चिमूटभर कोरडं कुंकू. मशीनच्या आत कणसुद्धा नाही. ज्या गोष्टीसाठी मी तुला दोन वर्षं टोमणे मारले ती तू कधी केलीच नव्हती. ती मी केली, पहिल्याच झटक्यात. एकदा जरी चहा प्यायला गेलो नसतो तर दिसलं असतं.

टूथब्रश आणि स्पिरिट. दोन मिनिटं घासलं, वाळवलं, बटण दाबलं. टूं करून एकदा वाजला आणि पडद्यावर अक्षरं आली. हात वर गेला तुला दाखवायला. मग दादाला फोन केला.

दुपारी मशीन स्कूटरवर बांधून पनागरला निघालो. सगळ्या रस्त्यात बोलायची तयारी करून राहिलो होतो. पटेलजींच्या ऑफिसात दोन शेतकरी बसले होते. मला वाटलं, ते गेल्यावर सांगू. मग म्हटलं नाही, माझ्या वहिनीचं नाव मी जसं सहज घेतलं होतं तसंच सगळ्यांसमोर परत घेतो. मशीन लावलं, कार्ड बसवलं, काट्यावर मटाराची पहिली ट्रॉली उभीच होती, तिचं वजन पडद्यावर आलं. तेव्हा मी उभं राहून म्हटलं, "पटेलजी, मैंने आपसे ग़लत बोला था। टाँका वहिनी का पक्का था। ख़राबी मेरे हाथ से हुई, मैंने गीला कुंकू लगा दिया था।"

पटेलजींनी चष्मा काढला. "बैठो, मुकुंद भैया. हमें तो मालूम है."

मी म्हटलं, क्या मालूम है?

"भाभीजी का फ़ोन आया था अस्पताल से. बोलीं, टाँका मेरा एकदम पक्का है, चिंता मत करना, मटर से पहले मशीन मिल जाएगी. पूजा में कहीं गीला कुंकू लगा बैठा है. हमने कहा, तो बता दो न उसको. बोलीं, नहीं. मैं बताऊँगी तो मान लेगा, ढूँढेगा नहीं. आगे उसको अकेले बैठना है."

त्यांनी पुढं सांगितलं, "हम बोले, और न मिला तो? तो हँसीं. बोलीं, मिलेगा. ग़ुस्सैल है, अंधा नहीं है."

वहिनी, तुला माहीत होतं. मी तुझ्यासमोर उभं राहून तुझ्या हाताला नाव ठेवत होतो, आणि तू एका वाक्यात माझं तोंड बंद करू शकत होती. "बरं" म्हणून गप्प बसली. तुझं नाव महिनाभर माझ्या तोंडी खराब होऊ दिलं, कशासाठी, तर मी शिकावं म्हणून. मला तुझा राग येऊन राहिला. असं उधारीवर प्रेम करायचं असतं का, की फेडायला गेलो तर तूच समोर नाही? तोंडावर सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं. नसतं ऐकलं, हेही खरं आहे. भांडलो असतो, मग मानलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी विसरलो असतो. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखून होती, आणि याबद्दल तुझे पाय धरायचे राहून गेले.

निघताना पटेलजी फाटकापर्यंत आले. त्यांच्या पोराचाही कॉम्प्युटर आहे शहपुऱ्याला, तो अधूनमधून बंद पडतो. आधी ते अशा वेळी म्हणायचे, भाभीजी को दिखा देंगे. आज तसं म्हणायला तोंड उघडलं आणि मधेच थांबले. मग विचारलं, "अब दुकान में कौन देखेगा?"

मी म्हटलं, "मैं देखूँगा. भेज दीजिए."

हे म्हणताना माझा आवाज कापला नाही, वहिनी. रडलो ते पुढं, पनागरच्या बाहेर, स्कूटर बाजूला लावून. खूप रडलो. मग तोंड धुतलं आणि दुकानावर आलो, कारण पाचला एक गिऱ्हाईक येणार होतं.